आप्पासाहेबांची टोपी

तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात टॉवेल-टोपीसाठी माइकवरून नावं पुकारली, त्यात आप्पासाहेबांचं नाव आलं नाही. त्यांनी खुर्ची लाथाडली आणि न जेवताच चालते झाले. कारण कुणाला सांगितलं नाही, मागून घेतलेल्या टोपीत कसला आलाय मान? तेव्हापासून थोरल्या भावाशी, मच्छिंद्रदादांशी, बोलणं बंद.

आता पुतणीचं, राजनंदिनीचं लग्न निघालं. दादा स्वतः बेलापूरला येऊन पत्रिका देऊन गेले. आप्पासाहेबांच्या बायकोने, सविताने, नवऱ्याला राग आवरायला शिकवण्यासाठी आधी पाच वेळा नगरच्या समुपदेशक बाईंकडे नेलं आणि मगच मांडवात आणलं. "या खेपेला काही केलंत, तर दादांचं दार कायमचं बंद हुईल," असं तिने वाटेत बजावलं.

माइक खरखरला आणि नावं सुरू झाली.

बाईंनी शिकवल्याप्रमाणे आप्पासाहेबांनी आकडे मोजत श्वास घेतला. तेवढ्यात व्याह्यांच्या ड्रायव्हरला टोपी मिळाली आणि मोजणी चुकली. मग दुसरा उपाय, दिसतील त्या पाच वस्तू मनात म्हणायच्या. टोपी, टॉवेल, टोपी, टोपी, आणि बहिणीच्या नवऱ्याच्या, श्रीमंत भाऊजींच्या टकलावर टोपी. बाई शिकलेल्या खऱ्या, पण आमच्याकडचं लग्न त्यांनी पाहिलेलं नसावं. शेवटी डोळे मिटून संथ नदी आणली, तर तिच्यातूनही टोप्याच वाहत आल्या.

पाय खुर्चीकडे निघालाच होता, तोच दादा समोर.

"आप्पा, तोंड का रं लाल झालं? बीपी वाढलं का?"

बाईंचे उपाय संपले होते, त्यामुळे तोंडून खरं तेच निघालं. "राग आलाय, दादा. माझं नाव घेतलं न्हाई. मागच्या लग्नातबी न्हाई घेतलं."

दादा बघतच राहिले. "त्यापायी तीन वर्षं?"

"व्हय."

"आरं, टोपी पाहुण्याला घालत्यात. तू घरचा. माझ्या डोक्यावर तरी हाय का?"

आप्पासाहेबांनी भावाच्या डोक्याकडे नीट पाहिलं. टोपी नव्हती. तीन वर्षांत केस मात्र पार पांढरे झाले होते. आप्पासाहेबांना लाज वाटली आणि भरूनही आलं.

"चल, पंगत बसलीय. वाढायला मानसं कमी हायेत." दादांनी त्यांच्या हातात आमटीची बादली दिली आणि खांद्यावर एक विटका टॉवेल टाकला. "सांडलं तर पुसायला."

आप्पासाहेबांनी त्या टॉवेलने आधी डोळे पुसले. मग पंगतभर सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. श्रीमंत भाऊजींच्या वाटीत तेवढी आमटी जरा कमीच पडली.