बारीक वायर

हार्ड डिस्क जोडली की तिचा दिवा लागायचा, पण लॅपटॉपवर काहीच दिसत नव्हतं. गेल्या वर्षी वारलेल्या आबांची, दीप्तीच्या वडिलांची, भीमजयंतीची सगळी भाषणं त्याच डिस्कवर होती. दीप्तीनं पोर्ट बदललं, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि शेवटी आईवर भडकली.

"पुसताना पाडलीस तू. माझ्या टेबलाला हात कशाला लावतीस?"

आई शालन ओल्या हातांनी दारात उभी होती. "आठवत न्हाई बघ. पडली असंल माझ्याच हातनं," म्हणाली आणि आत गेली.

दीप्तीनं धुसफुसत जयसिंगपूरच्या ऑफिसला न्यायची बॅग उपसली, तर तळाला डिस्कची जाड वायर निघाली. तिनंच ती नेली होती. इतका वेळ ती मोबाईल चार्जिंगची बारीक वायर लावून बसली होती. तिच्यातनं नुसता करंट जातो, फाईल येत नाही.

जाड वायर लावली आणि आबांचा आवाज खोलीभर झाला.

आई धावत आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं बाई. माझ्या हातनं पडून बी मोडली न्हाई की."

"व्हय," दीप्ती म्हणाली, आणि बारीक वायर मुठीत लपवली.