सासरेबुवांचं मत

"डावीकडचा पोरगा असा सुटतो ना, की बघणाऱ्याला धाप लागावी! पण पुढे काय? हात वर करून उभा. बॉल द्या हो, बॉल द्या! आणि आपला कॅप्टन इकडे विचार करतोय. अहो, हे काय लग्न आहे का, विचार करायला?"

वायरमन बाकावरून उठला आणि दोन्ही हात वर करून, कोपऱ्यात उभा राहिलेला विंगर त्यानं करून दाखवला. दुकान एवढंसं. त्याचा एक हात टांगलेल्या लेसच्या जुडग्यांत अडकला.

"लग्नाच्या वेळी तरी कोण विचार करतं," मास्तर म्हणाले. भूगोल शिकवता शिकवता निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे ग्राउंडवरच्या दिशाही त्यांना कळायच्या. "आणि उजवीकडचा? त्याला मी टेम्पो म्हणतो. इंडिकेटर न देता वळतो. पण पोरं चांगली आहेत दोन्ही. पळून पळून मरतायत बिचारी. त्यांना बॉल देणारा नको का कुणी? कॅप्टन तर पायाकडे बघून पास देतो, पहिलीतलं पोर पाटीकडे बघून लिहितं तसा. सासरेबुवा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

"छे," सासरेबुवा म्हणाले. "चालू द्या तुमचं."

बूट दुरुस्तीचं हे दुकान सासरेबुवांचं. आठ वर्षांपूर्वी त्यांचा जावई गावच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन झाला आणि तेव्हापासून त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले. सोल फाटलेल्यांपेक्षा तोंड उघडलेलीच गिऱ्हाइकं तिथे जास्त यायची. सासरेबुवा मात्र मत देत नसत. तीन वर्षांपूर्वी बायको गेली आणि त्यानंतर त्यांना कशाचं बरं वाटेनासं झालं आणि वाईटही वाटेनासं झालं. सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळी लावायचं, मधे लोकांचे बूट.

रविवारी टीम लागोपाठ चौथी मॅच हरली होती. आज मंगळवार, तरी राग उतरला नव्हता.

"आमच्या निवड समितीत पाच माणसं," तिसरा बाकावरचा, केमिस्ट, म्हणाला. तो स्वतः त्या पाचांतला. "दोघं म्हणतात कॅप्टनला बाहेर बसवा, दोघं म्हणतात राहू द्या. पाचवा मी. दर शुक्रवारी हात वर करायची वेळ आली, की मला हे दुकान आठवतं. मग हात वर जात नाही."

"म्हणजे टीम या बाकाच्या मेहेरबानीवर चालते म्हणा की!" वायरमन म्हणाला.

सासरेबुवांनी तोवर कॅप्टनचा उजवा बूट हातात घेतला होता. त्याच्या तळाचा एक स्टड ढिला झालाय, म्हणून जावई सकाळी जोडी टाकून गेला होता. त्यांनी सवयीनं आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

बूट त्यांनी उजेडाकडे धरला. आतला सुखतळा तपकिरी होऊन कडक झाला होता आणि चवड्याच्या जागी स्क्रूचं टोक तांदळाएवढं वर आलं होतं. स्क्रू त्यांचाच. गेल्या गुरुवारी छोटा संपला म्हणून त्यांनी जरा लांब बसवला होता. दुरुस्त केलेला बूट परत देण्याआधी आत हात घालून चवड्यापासून टाचेपर्यंत फिरवायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. गुरुवारी वायरमन आणि मास्तरांची विंगरवरून जुंपली होती आणि त्या गोंधळात हात फिरवायचा राहिला.

म्हणजे रविवारची नव्वद मिनिटं जावई या टोकावर पळला होता. आणि सकाळी म्हणाला काय, तर स्टड ढिला झालाय!

दुपारी बाक रिकामा झाल्यावर कॅप्टन बूट न्यायला आला.

"जावईबापू, बसा. उजवा मोजा काढा."

"का हो बाबा?"

"काढा तर."

चवड्याला भोक पडलं होतं आणि भोवती सूज होती. कॅप्टननं पाय वळवून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"हे कधी झालं?"

"तुम्ही मला विचारताय?" सासरेबुवांचा आवाज चढला. आपला आवाज चढलाय याचं त्यांनाच नवल वाटलं. "रविवारी अख्खी मॅच माझा स्क्रू तुमच्या पायात होता. माझी चूक झाली, माझ्या हातून कधी होत नाही ती झाली. पण माणसाला कळू नये?"

कॅप्टननं पाय खाली ठेवला. मग म्हणाला, "चवड्याला काही कळत नाही. वर्ष होईल आता. पाय झोपतो ना, तसा झोपलाय. उठतच नाही. बॉल पायाला लागला की नाही, ते बघावं लागतं."

तर असं होतं ते पायाकडे बघणं. दोन हजार माणसं दर रविवारी त्यावरून शिव्या घालत होती आणि एकालाही माहीत नव्हतं.

"डॉक्टर?"

"डॉक्टर खेळू देणार नाही."

"पोरीला ठाऊक आहे?"

"नाही. आणि तुम्हाला तिची शपथ आहे बाबा, पायाचं कुणाजवळ बोललात तर. सहाच मॅच राहिल्यात. सीझन संपू द्या."

सासरेबुवांनी जखमेला स्पिरिट लावलं. कॅप्टननं हूं की चूं केलं नाही, तो रस्त्यावरची रहदारी बघत होता. पट्टी बांधून झाली, नवा स्क्रू बसला, आत तीनदा हात फिरला आणि जावई बूट घेऊन गेला.

नंतरचे तीन दिवस सासरेबुवांनी काम केलं, जेवले, झोपले. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. आज स्क्रू होता. उद्या काच असेल, हाड असेल, आणि याला रक्तानं मोजा चिकटल्यावर कळेल. पोरीच्या आईनं छातीतलं दुखणं असंच सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरात दिवाळखोरीसारखं लपवलं होतं. तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं. बघितलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी केमिस्ट मीटिंगला जाता जाता दुकानात डोकावला. मास्तर आणि वायरमन होतेच.

"सासरेबुवा, आज काय ते एकदाचं सांगा. तुमच्या शब्दावर आहे. मी डोळे मिटून तसा हात वर करतो."

दर वेळी ते 'मला काय कळतंय' म्हणायचे. सगळे तेच ऐकायच्या तयारीत होते.

शपथ पायाची होती. मताची नव्हती.

"बसवा त्यांना," सासरेबुवा म्हणाले.

वायरमनच्या तोंडातला चहाचा घोट तोंडातच राहिला.

"पास उशिरा येतो. मान खाली घालून खेळतात. ती दोन पोरं पळून पळून मरतायत, त्यांना बॉल देणारा नको का?" त्यांना स्वतःचे शब्द सापडत नव्हते, म्हणून मास्तरांचेच वापरले. "आता जमत नाही त्यांना. बसवा."

"अहो, पण..." मास्तर चाचरले. "म्हणजे अगदी तसंच काही नाही. दोन वर्षांपूर्वी कॅप्टननंच तर..."

"तुम्हीच म्हणत होता ना?"

"आम्ही म्हणायचं वेगळं हो," मास्तर म्हणाले.

केमिस्ट गेला. सासरेबुवांना वाटलं होतं, बोलल्यावर आत कुठेतरी काही हलेल, तुटेल. काही झालं नाही. त्यांनी पुढचा बूट घेतला.

शनिवारी सकाळी क्लबच्या बोर्डावर यादी लागली. कॅप्टनचं नाव राखीव खेळाडूंतही नव्हतं. दुपारपर्यंत गावभर झालं, की सख्ख्या सासऱ्यानं पत्ता कापला. एक जण दुकानात येऊन "मानलं तुम्हाला, नातं आडवं आणलं नाही!" म्हणत हात मिळवून गेला. मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही असं म्हणालात?" त्यांनी हो म्हटलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

चारच्या सुमाराला कॅप्टन आला. बाकावरचे दोघं उठून गेले. तो बसला.

"मला वाटत होतं, तुम्ही पायाचं बोलून जाल. बायकोची शपथ घातली तरी बाप आहात तिचे, मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही सांगितलंत, मला खेळता येत नाही."

"हो."

"सगळ्यांना तेच पटलंय आता."

"पटू दे. पाय तुमचा आहे, तो मी कशाला सांगू? तो तुम्ही सांगायचा." सासरेबुवांना वाईट वाटत होतं. चांगलं ठसठशीत वाईट वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "मला शिव्या घाला हव्या तर. पण मोजा काढा."

कॅप्टन हसला नाही, पण शिव्याही घातल्या नाहीत. मोजा काढून त्यानं पाय पुढे केला. सासरेबुवांनी तो मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं दाबला.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

अंगठा चवड्यावरून टाचेला आला, टाचेवरून घोट्याला.

"मंगळवारी तुम्ही नुसता चवडा म्हणाला होतात."

"मंगळवारी खोटं बोललो."

घोट्याच्या चार बोटं वर कॅप्टन थांबला. "इथे कळतंय."

सासरेबुवांनी कातडं आखायची पांढरी पेन्सिल घेतली आणि तिथून पायाभोवती एक रेघ ओढली, आखायच्या सवयीनं, सरळ आणि बारीक.

"उद्या मॅचच्या वेळेला दवाखान्यात गर्दी नसेल," ते म्हणाले. "डॉक्टरला ही दाखवा. इथून खाली म्हणून सांगा."

"तिला नेऊ बरोबर?"

"तिलाच न्या."

कॅप्टननं मान डोलावली. मग मोजा दोन्ही हातांनी रुंद ताणून, रेघेला लागू न देता, तो हळूहळू वर चढवला.