सात्यांची जागा

आर्केन... हातातलं कार्ड लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवरून कापलेलं, ओल्या हवेनं मऊ पडलेलं, आणि निळ्या अक्षरांना शाईची बारीक मुळं फुटलेली. रश्मी ओसरीवर बसून इंग्रजी शब्द पुटपुटत होती – आर्केन, एसोटेरिक, अ‍ॅब्स्ट्रूज, रेकंडाइट. गोंदियाच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधले इंद्रकुमार सर म्हणायचे, "सब का मतलब एक ही है, टिक करो और आगे बढ़ो." पण रश्मीचं घोडं तिथंच अडायचं. एक गुपित राखलेलं, एक मोजक्यांनाच सांगितलेलं, एक डोक्यात न शिरणारं, एक खोल दडलेलं... इतक्या शब्दांची त्या इंग्रजांना गरज तरी का पडली असेल? त्यांनाही कुणी दाराबाहेर ठेवलं होतं की काय?

"सात्याले चाललो मी." मागून तिच्या आईचा, नंदाबाईचा, आवाज आला. "येतेस का?"

अकरा वर्षांनी हे बोलावणं! सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणारी पांढरी रानअळंबी; आषाढात चार दिवस येते नि जाते, देवरीच्या बाजारात तिच्यावर उड्या पडतात. कुठं उगवते ते नंदाबाईला ठाऊक. दहा वर्षांच्या रश्मीला तिनं ती जागा एकदा दाखवली होती, आणि या बयेनं काय करावं? दुसऱ्याच दिवशी शाळेत रिंकूपुढं फुशारकी मारली. आठवड्याभरात निम्म्या गावानं कुदळी घेऊन ते वारूळ उकरून टाकलं. आई रिकामी टोपली घेऊन आली, टोपली खुंटीला अडकवली, चूल पेटवली... एक शब्द नाही. दोन रट्टे घातले असते तर पोर सुटली असती. त्यानंतर दर आषाढात आई मागच्या दारानं एकटीच दुसऱ्या जागी निघायची आणि रश्मी झोपल्याचं सोंग घ्यायची.

मग आजच कसं? रविवारी परीक्षा, नोकरी लागली की नागपूर, नाहीतर आणखी लांब. आईनं माफ केलं म्हणून, की ही आता जाणारच, गावात सांगायला उरतेच कुठं, म्हणून? रश्मी आईमागं निघाली. सागाची पानं ठिबकत होती. पुढं धुक्यात आईचं पातळ दिसायचं, विरायचं, पुन्हा दिसायचं... आपण चालतोय की अजून त्या सोंगातच पडलोय, हे रश्मीला कळेना.

आई थांबली. रश्मीला नुसता पाचोळा दिसला. आईनं वाकून दोन बोटांनी पानं सारली – खाली पांढऱ्या छत्र्याच छत्र्या.

"माय, आज काऊन आणलंस मले?"

"गुडघे दुखून राहिले माझे." नंदाबाई खुडता खुडता म्हणाली. "मागतल्याबिगर जागेची खूण सांगू नाही, असं माझी माय म्हणे. दर साली वाटे, आता विचारशीन, मंग विचारशीन..."

"मले वाटे, तू रागावलीस."

"रागावलो ना. एक साल."

एक साल! मग उरलेली दहा? दहा आषाढ आई मागच्या दारात रेंगाळली असेल, आणि आत आपण डोळे गच्च मिटून... रश्मीला रडू यायला हवं होतं, आलं ते हसू, आणि त्या हसण्यात भीतीही होती. विचारावं तर आत्ताच – कशावरून ओळखतेस? एवढंच तर! पण जीभ उचलेना. विचारलं की आई सांगणार, आणि सांगून झालं की ते घेऊन लांब जायचं... आई खुडायची थांबून तिच्याकडे पाहत होती. त्या वाट पाहणाऱ्या नजरेची रश्मीला आज लाज वाटली नाही.