डावखुऱ्या हृदयाचे माप

दीड मिलिमीटर. पडद्यावरच्या हृदयाची उजवी धमनी एवढीच रुंद होती. पण तिच्या कडा अगदी शेवटपर्यंत गुळगुळीत होत्या.

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. दोन पोलादी जबड्यांत वस्तू धरून तिची रुंदी सांगायची, हेच माझे काम. कारखान्यात घडलो, आणि रुग्णालयाच्या या खोलीत मापे नोंदवणाऱ्या ताईंच्या हाती आलो. निरोगी माणसांच्या हृदयधमन्या किती रुंद असतात, ते ताई पडद्यावरच्या चित्रांवर माझ्याकडून मोजून घेत. काम झाले की मला मऊ कापडाने पुसत. बहुतेकांच्या हृदयाच्या मागच्या भागाला उजवी धमनी रक्त पुरवते. काहींत ते काम डावी करते, आणि मग उजवी जन्मापासूनच बारीक असते, पण कडांनी गुळगुळीत, निरोगी. अशा हृदयांना ताई कौतुकाने 'डावखुरी' म्हणत.

विभागाचे मोठे साहेब मात्र माझ्या टोकाने नखांतला मळ काढत. मला किळस येई. पण एक दिवस त्यांनी ताईंची मापांची वही चाळली, आणि तो मळही बरा वाटू लागला.

"एवढी डावखुरी? पुस्तकात इतकी नाहीत. लोक हसतील आपल्याला. निम्म्यांपुढे 'उजवे' लिहून टाका."

ताईंनी मान खाली घालून लिहिले. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून त्या मला पुसायलाही विसरल्या.

आज छातीत दुखते म्हणून शिवणकाम करणाऱ्या मावशी पुन्हा आल्या. ज्यांच्यापुढे खोटे 'उजवे' लिहिले, त्या निम्म्यांतल्याच एक. साहेबांनी पडद्यावरची त्यांची दीड मिलिमीटरची धमनी पाहिली, मग जुनी नोंद पाहिली.

"हृदय उजवं, आणि उजवी धमनी एवढी बारीक? रोगच हा. उद्या धमनीत फुगा घालून ती रुंद करू. सही करा."

"साहेब, कपडा घट्ट झाला तर शिवण उसवता येते. नळी फाटली तर?"

"मावशी, तुम्ही सुई सांभाळा. हृदय आमच्यावर सोडा."

त्यांचा चिकट अंगठा माझ्यावरच होता. मित्रांनो, माझ्यावर गंज चढला तर तेलाचा एक थेंब पुरतो. खोट्या मापाचा गंज माणसाच्या अंगात उतरतो. मापाची वस्तू जपा, पण माप त्याहून जपा.

मावशींनी पेन उचलले. ताई खुर्चीवरून उठल्या.

"मावशी, सही करू नका. तुमची धमनी निरोगी आहे. ही नोंद खोटी आहे, माझ्या हातची आहे. आणि अशा अजून अठरा आहेत."