कैलासाची पायरी

मे महिन्याची दुपार, दिघ्याच्या चढावरचे पत्रे चटके देतायत, आणि शीतलनाथ महाराजांच्या मठात देवाच्या मूर्तीपुढच्या एका तांब्याच्या पायरीवर पांढराशुभ्र बर्फ. रांग खाली रिक्षा स्टँडपर्यंत. पायरीचं नाव ‘कैलासाची पायरी’. तिच्यावर अनवाणी उभं राहायचं, एकशेआठ वेळा नाम घ्यायचं. सोसेल तेवढं पुण्य. बहुतेक भक्त अकराव्या नामाला टुणकन खाली उतरत. पायरीतून सारखा घूंऽऽ असा आवाज यायचा, तो म्हणे ओंकार. वीसेक जण उभे राहून गेले की बर्फ विरायचा. मग ‘देव ध्यानात गेले’ असं सांगून पडदा ओढायचा, आणि अर्ध्या तासाने पडदा सरकला की बर्फ पुन्हा हजर.

“सायन्स फेल आहे माताजी,” महाराज माईकवरून सांगत होते. “एवढ्या उन्हात बर्फ. आहे कुठल्या सायंटिस्टची हिंमत?”

मी काही सायंटिस्ट नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी अतिथंड यंत्रं बनवते आणि तपासते, हॉस्पिटलातल्या मोठ्या स्कॅन मशीनना लागतात ती. शून्याखाली दोनशे अंश हे माझं रोजचं ऑफिस. महाराजांचा कैलास बघून मला एवढंच वाटलं, की मासळीबाजारातली फ्रीजरपेटी याच्याहून गार असते. मी हसून घरी गेले असते. पण रांगेत माझी शेवंताआत्या होती.

आत्या साताऱ्याकडची, लग्न होऊन दिघ्यात आलेली. बारा वर्षं डायबेटिस. तळपायांची आग आग व्हायची तिला. आता आठवडाभर ती रोज पायरीवर उभी राहत होती आणि हूं की चूं न करता एकशेआठ नामं पुरी करत होती. महाराजांनी तिला ‘परमभक्त’ ठरवलं, हार घातला, आणि वर इन्सुलिन बंद करायला सांगितलं. असला हा दयाळू माणूस!

मी तिचा उजवा पाय बघितला. अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोटही.

“समदी वराडत्यात,” आत्या अभिमानाने म्हणाली, “मला कायबी हुईना. द्येव पावला न्हाई तर काय?”

डॉक्टरकडे चल म्हणून मी विनवलं, चिडले, भांडले. तिचं एकच. अकरा दिवसांचा नेम धरलाय, चार उरलेत, नेम मोडायचा नाही. आत्या नेम मोडत नाही म्हणजे नाही, आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा चमत्कारच मोडणं भाग होतं.

आमच्या धंद्यातला पहिला धडा साधा आहे. थंडी कुणी तयार करत नाही. इथली उष्णता उचलायची आणि तिकडे नेऊन टाकायची, एवढंच. म्हणून बर्फ दिसला की आम्ही गरम कुठे होतंय ते शोधतो. मी मठाला वळसा घालून मागे गेले.

मागच्या भिंतीत एक लोखंडी जाळी होती आणि तिच्यासमोर गावठाणातल्या बाळाबाई सुपात जवळा वाळत घालून बसल्या होत्या. मठाच्या पाठीला मासळी, आणि सोवळ्याच्या गोष्टी सांगणारे महाराज चकार शब्द काढत नाहीत?

“दोन तासान जवला सुकतं, बाय,” बाळाबाई खुशीत म्हणाल्या. “देवाचा वारा हाय त्यो.”

मी जाळीपाशी हात धरला. गरमागरम वारा. तक्रार केली असती तर लोक मागे बघायला आले असते, म्हणून महाराजांनी निमूटपणे सुक्या जवळ्याचा वास सोसला होता. त्यांची खरी तपश्चर्या तेवढीच.

मी आत्याला मागे घेऊन आले आणि रांगेत बसायला आणलेली तिची जाड गोधडी जाळीवर लावायला सांगितलं. कारखान्यात यंत्र तपासताना आम्ही मुद्दाम त्याची उष्णता कोंडून बघतो, तसंच हे.

“द्येव काय गोधडीला भितोय व्हय?” म्हणत तिने स्वतः गोधडी लावली. बाळाबाईंनी वरून फळी टेकवली. आम्ही पुढे येऊन उभ्या राहिलो.

दहा मिनिटांत ओंकार जड झाला, कण्हायला लागला आणि बंद पडला. बर्फाला पाणी सुटलं. लोक हात जोडून देवाकडे बघत राहिले. महाराज मात्र देवाकडे वळलेच नाहीत. त्यांनी कफनी सावरली, आसनावरून उडी मारली आणि थेट मागे धूम ठोकली.

“देव सोडून महाराज मागे का पळाले, ते बघू या,” मी मोठ्याने म्हटलं. अख्खी रांग त्यांच्यामागे गेली. महाराज जवळ्यात पाय देऊन गोधडी ओढत होते, आणि बाळाबाई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या.

मग दोघा-तिघांनी पायरीचा पत्रा उचकटला. खाली फ्रीजरचं यंत्र, तांब्याच्या नळीची वेटोळी, आणि गरम वारा मागच्या जाळीकडे फेकणारा पंखा. वीस माणसांच्या पायांची उष्णता त्या छोट्या यंत्राला झेपत नव्हती, म्हणून देव ध्यानात जायचे. तरी एक गृहस्थ कुरकुरलेच, की काही असो, गार छान वाटायचं. अशा माणसांना काय बोलणार?

आत्याने आपली गोधडी उचलून काखोटीला मारली. तिथूनच मी तिला रिक्षात घातलं.

दोन बोटं काढावी लागली. पाऊल वाचलं. उरलेले चार दिवस नेम पाळला असता तर घोट्यापासून पाय गेला असता, असं डॉक्टरांनी तिच्या तोंडावर सांगितलं. संध्याकाळी पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत तिने मला विचारलं, “पोरी, समद्यांस्नी गार लागायचं. मला का लागलं न्हाई?”

मी तिला सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. डायबेटिसने तिच्या पायांच्या नसा मेल्या होत्या. आग होते, पण चटका, थंडी, जखम कळत नाही. जिला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, तिलाच त्या लबाडाने भक्त म्हणून बर्फावर जास्त वेळ उभं केलं. बर्फावर पाय ठेवून गार लागत नसेल, तर ती कुणाची कृपा नाही, आजार आहे. आजच डॉक्टरकडे जा. नेम धरला असेल तर मोडा.