दाढेतल्या चांदीचा संताप

मी एक जुनी चांदी आहे, दाढेत भरलेली. चांदी हे लाडाचं नाव, मित्रांनो. निम्मा तर पाराच आहे माझ्यात. पण ‘दाढेत पारा भरतो’ म्हटलं तर खुर्चीत बसेल कोण?

दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटला, गोळा फडक्यात धरला आणि उघड्या बोटांनी पिळून जास्तीचा पारा काढला. हातमोजे होते, पण डॉक्टरांपुरते. पुढे बाईंचे हात थरथरू लागले. लोक म्हणाले, वय झालं. डोंबलाचं वय!

मला ठासलं एका शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दाढेत. मी इमानाने राबले. कौतुकही झालं. कढत चहा आला, झोपेत दात खाल्ले गेले, की माझ्यातून पाऱ्याची वाफ सुटायची. किंचितच, उगाच घाबरवणार नाही. माझा राग वेगळाच आहे.

पुढे मला तडा गेला. त्याच दवाखान्यात आता धाकटे डॉक्टर होते, आणि मदतीला त्या बाईंचीच सून, पोटुशी. खिडक्या बंद. मला कोरून काढायला डॉक्टरांनी पाण्याशिवाय, कोरडंच यंत्र लावलं. मी तापले, भसाभस वाफ सुटली. तिला ना रंग, ना वास. सून माझ्यावर वाकलेली.

“डॉक्टर, पाणी सोडू? खिडकीही उघडते. ही वाफ पोटातल्याला बरी नाही. सासूबाईंचे हात बघितलेत मी.”

“पाण्याने नीट दिसत नाही. आणि तू कधीपासून डॉक्टर झालीस?”

मावशींनी डॉक्टरांचा हात बाजूला सारला आणि तोंड गच्च मिटलं.

“दुखलं का, मावशी?”

“मला नाही. आधी तिचं ऐका, मग आ करते.”

“दवाखाना माझा आहे, मावशी.”

“आणि दाढ माझी. घरी घेऊन जाते.”

खिडकी उघडली. पाणी सुटलं. सून बाहेर गेली आणि तोंडातलं पाणी ओढायची नळी डॉक्टरांनी स्वतः धरली, घामाघूम होत.

आता माझे तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत आहेत. मित्रांनो, धड असलेली चांदी भीतीपोटी उपटू नका. काढायचीच वेळ आली, तर पाणी, नळी, मोकळी हवा मागून घ्या. भीड धरू नका. तुकडे कचऱ्यात, मोरीत जाऊ देऊ नका. आणि खुर्चीशेजारी उभी असलेली बाईसुद्धा श्वास घेते, एवढं तरी ध्यानात ठेवा.