वन्संची किटली

जुनं भांडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. गंजका डबा, कान तुटलेला मग, कुणीतरी टाकून दिलेलं घमेलं, काहीही चालतं. तळाला भोक पाडायचं, माती भरायची, रोप लावायचं. पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून भोक हवंच. नवरा म्हणतो, "एक दिवस माझ्याही तळपायाला भोक पाडशील."

वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, एकट्या राहतात. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या पंधरा दिवस मुलाकडे गेल्या आणि घराची किल्ली माझ्याकडे दिली. "आधी मातीत बोट घालून बघ, कोरडी लागली तरच पाणी घाल," एवढंच बजावलं.

झाडं मी नीट सांभाळली. पण खोटं कशाला बोलू, ओट्यावरच्या फळीवर माझा कित्येक वर्षं डोळा होता. तिथं कोपऱ्यात इनॅमलची पांढरी किटली होती, निळ्या काठाची. तिच्यावर धूळ होती. वापरात नाही, असं मी मनाला सांगितलं. फर्न लावून त्यांनाच भेट देऊ, हेही सांगितलं. ती घरी आणून तळाला चिकटपट्टी लावून अगदी हळू ड्रिल चालवलं, म्हणजे मुलामा तडकत नाही. फर्न इतकं छान बसलं की किटली माझ्याच बाल्कनीत राहिली.

वन्सं परतल्या त्या काळा चष्मा लावून. एकटी राहू नकोस, असं मुलानं वर्षभर टुमणं लावलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "डोळे अधू झालेत, डोकं शाबूत आहे."

"बस तू," त्या मला म्हणाल्या. "झाडं जगवलीस माझी. आज बाबांच्या किटलीत चहा देते तुला."

त्यांचा हात फळीवरून फिरला. डबे, बरणी, पुन्हा डबे.

"इथंच होती ना गं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. "मला नाही बाई आठवत," मी म्हणाले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मग मीच कुठंतरी ठेवली असणार," असं म्हणून त्यांनी पातेल्यात चहा केला. साखर घातली का, हे मला दोनदा विचारलं. घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी भोक बुजवून घ्यायला किटली भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. तो म्हणाला, "काकू, याला आच दिली तर सगळा मुलामा उडेल. आता यात झाडच शोभेल." मी ती परत आणली आणि फर्नला पाणी घातलं.

आठवड्यानं जेवताना नवरा म्हणाला, "ताई घर सोडतेय. मुलाकडे जाणार कायमची. म्हणते, वस्तू कुठं ठेवते ते आता आठवत नाही."

मी तशीच उठले, फर्न उपटलं, किटली धुतली आणि वन्संकडे गेले. दारातच ती त्यांच्या हातात दिली.

"मी नेली होती. तुम्ही नसताना."

त्यांनी काठ चाचपला, तोटी चाचपली, मग तळ. त्यांचं बोट भोकात गेलं. शिव्या घालतील, असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं, पण चेहरा सैलावला होता. चोरी सापडल्याचा राग नाही, डोकं शाबूत असल्याचा आनंद. तो बघवेना मला.

त्यांनी मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तूच सांग त्याला."

"हॅलो, मामी? आई ठीक आहे ना?"

वन्सं समोर बसल्या होत्या, बोट अजून भोकात. मी सगळं सांगितलं. "चुकून" हा शब्द दोनदा तोंडावर आला, दोन्ही वेळा गिळला.